गोड्या पाण्यातलं पाकट

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत कपाटाला जागा नव्हती, पण माशाच्या पेटीला झाली. कपाट गेलं गॅलरीत आणि माझे लग्नातले शालू खाटेखालच्या ट्रंकेत. "पाकटाच्या पेटीला लांबी-रुंदी लागते, उंची नाही," असं हे मला समजावत होते. मला! मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला!

ह्यांचा एक मित्र बोटीवर होता. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास त्याने परदेशातून हे पाकट आणायचं कबूल केलं. बशीएवढं, बशीसारखंच चपटं, अंगावर ठिपके, शेपटीला काटा. कारखान्यातून आले की ह्यांची तयारी सुरू. रेती माझ्या पिठाच्या चाळणीने चाळायची, दहा पाण्यांनी धुवायची. आता हे राहिले नाहीत, पण ती चाळण अजून माझ्याकडे आहे. नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जावं म्हणून. आम्हाला प्यायला कळशी आणि माशाला पिंप! "अहो, तिखलं करून भाताबरोबर खायचं सोडून आरती करताय काय त्याची?" मी म्हणायचे. हे नुसते हसायचे.

मासा आला आणि खाईचना. कोलंबी सोलून दिली, गांडुळं दिली, छे! रेतीत अंग पुरून पडून राहायचा. इकडे ह्यांच्याही घशाखाली घास उतरेना. कामावरून आले की चपलाही न काढता काचेपुढे उकिडवे. खरं सांगते, मला माशाची नाही, ह्यांची दया आली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि ह्या माणसाने स्वतःसाठी हट्ट असा हा एकच केला होता.

मला वाटलं, पाकट म्हणजे दर्यातलं जनावर, त्याला गोडं पाणी कसं मानवेल? हे नदीतलं आहे, असं ह्यांनी हजारदा सांगितलं होतं. पण आम्हा दर्यावरच्यांना कोण शिकवणार! हे कामावर गेले की मी पेटीत मूठमूठ खडेमीठ टाकायला लागले. चार दिवस टाकलं. पाचव्या दिवशी हे घरी आले, तेव्हा मासा उताणा पडला होता.

ह्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे नाही. तेवढ्यात शेजारीण डोकावली, "काय झालं हो?"

"नळाच्या पाण्यात औषध जास्त होतं, वहिनी. माझंच चुकलं."

हे ओरडले असते तर मीही भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. ह्या वेळी मात्र मी जाऊन आमटी फोडणीला टाकली.

रात्री हे खाली मान घालून आमटी-भात जेवले. भात परत मागून घेतला. मग मी पहिला घास घेतला आणि कळलं, आमटीत मीठच नाही. त्या संध्याकाळी बरणीला हात लावायचा मला धीरच झाला नव्हता.

"अळणी आहे हो! बोलला का नाहीत?" म्हणत मी रडायलाच लागले.

ह्यांनी उठून बरणी आणली आणि माझ्या पानात चिमूटभर मीठ वाढलं.

"जेव तू," हे म्हणाले. "आणि चाळण मोकळी ठेव. उद्या रेती परत चाळायचीय."