ताईचा डोंगर, धाकटीचं पाणी

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांसाठी ती कवळ्या बनवायची. दवाखान्याच्या मागे तिची एक खोली होती. लांबलचक टेबल, हवा तसा वाकणारा दिवा, मेणाच्या कांड्या, घासायचं छोटं यंत्र, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मांडून ठेवलेले प्लास्टरचे जबडे. नवा माणूस आत आला की दारातच थबकायचा. "या, या, यातलं एकही चावत नाही," ती म्हणायची. तिने लग्न केलं नव्हतं. कुणी फार खोदून विचारलंच तर म्हणायची, "लोकांची तोंडं आतून बघितल्यावर हौस राहते होय!"

उभा जन्म तिने वीतभर अंतरावरच्या वस्तू बघण्यात घालवला होता. म्हणून असेल, पण तिच्या मनाने एकच गोष्ट घेतली होती: एकदा अशा ठिकाणी जायचं, जिथे नजरेला आडवं काही म्हणजे काही येणार नाही. नुसतं पाणी, थेट आभाळाला टेकलेलं.

जायचं तर ताईला घेऊन, हेही तिने ठरवून टाकलं होतं. ताई तिची थोरली बहीण, साठीला आलेली. भावजी कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि ताई त्यांच्या उशाशी. ते गेले, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, तरी ताईचं घराबाहेर पडणं काही सुरू झालं नाही. भाजी आणायला गेली तरी मागे कुणी हाक मारतंय अशा घाईने परत यायची.

दातवालीने सगळं जमवलं. दहा दिवसांची सुट्टी, गरम समुद्रातली दोन बेटं. मोठ्या बेटावर विमान उतरतं. तिथे गाव आहे, रस्ते आहेत, जंगल आहे. छोट्या बेटावर वाळू, माड आणि पाणी, बास. मधे बोट, तीही आठवड्यातून दोनदाच. ताईच्या स्वयंपाकघरात बसून तिने नकाशा पसरला.

"मोठ्यावर पहिली रात्र, शेवटची रात्र. मधले सगळे दिवस छोट्यावर. चालेल?"

ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला काय गं, तू म्हणशील तसं."

"अगं, तुला काय आवडेल ते सांग ना."

"मला सगळं आवडतं."

पुढे विचारण्यात अर्थ नव्हता. लग्नाचा मुलगा बघायला आला होता तेव्हाही ताईने हेच उत्तर दिलं होतं.

तर दोघी निघाल्या. विमान उतरलं तेव्हा मोठ्या बेटावर ढग असे उतरले होते की समोरचं झाड दिसेना. उतारूघराची मालकीण, एक ठसठशीत बाई, दोघींना व्हरांड्यात बसवून चहा देऊन गेली. दातवाली उद्याच्या बोटीचं तिकीट पुन्हा पुन्हा बघत होती. तेवढ्यात वारा सुटला आणि ढग बाजूला झाले.

आधी जंगल दिसलं. मग जंगलाच्या वर काळा, उघडाबोडका उतार. नजर वर वर जात राहिली आणि उतार काही संपेना. शिखर एवढ्या उंचावर निघालं की दातवालीला वाटलं, आपण इतका वेळ भलत्याच ठिकाणी आभाळ शोधत होतो. टोकावरून पांढरा धूर निघत होता. थोडा थांबायचा, पुन्हा निघायचा.

"अगं बाई!" ताई उभीच राहिली. कप हातात तसाच. "हा जिवंत आहे?"

"म्हणजे काय!" मालकीण आतून म्हणाली. "माझ्या आजीच्या आधीपासून धुमसतोय. बघायला जाता येतं हो. आमचा गाडीवाला रोज नेतो वरपर्यंत."

त्या संध्याकाळी ताई जेवायला आत आली नाही. ताट बाहेरच मागवून घेतलं.

सकाळी दातवाली दोन्ही पिशव्या बांधून तयार. ताई मात्र व्हरांड्यातल्या त्याच खुर्चीत.

"चल ना, बोट सुटेल."

"मी येत नाही."

दातवालीला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "काय म्हणालीस?"

"तू जा छोटे. मी इथेच राहते. मला तो बघायचाय."

"अगं, सगळं ठरलंय! तूच हो म्हणालीस!"

"म्हणाले खरी. तेव्हा मी हा कुठे बघितला होता?"

दातवालीच्या पायाखालची जमीन सरकली. या बाईने 'मला बघायचाय' असं म्हटलेलं तिला आठवतच नव्हतं. तिने समजावलं, चिडली, शेवटी वाटाघाटीवर आली. "बरं, अर्धे अर्धे करू. आधी तुझा डोंगर, मग माझं पाणी." पण बोट आज होती, मग आठवड्याच्या मधे एकदा, आणि मग थेट परतीच्या विमानाच्या तोंडावर. आजची सोडली तर छोट्या बेटाचे जेमतेम तीन दिवस हाती लागत होते, आणि मधल्या बोटीने परतायचं तर डोंगराचे तेवढेच. कसंही कापलं तरी एकीच्या वाट्याला चिंधीच येत होती.

"तुला एकटीला टाकून मी तिकडे वाळूत लोळत पडू? तुझा मुलगा मला काय म्हणेल?"

"त्याला मी बघते." ताईने तिचा हात धरला. "रागावू नकोस गं. आईच्या घरातून मी थेट यांच्या घरात गेले. एकटीने एक दिवससुद्धा कधी कुठे राहिले नाही. बघू तरी दे कसं वाटतं."

धक्क्यावरून भोंगा वाजला. दातवालीने एक पिशवी उचलली, एक तिथेच ठेवली, आणि डोळे पुसत बोट गाठली. रागाने मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण वळून बघितलंच. ताई व्हरांड्यात पाठमोरी बसली होती, डोंगराकडे तोंड करून.

छोट्या बेटावरचा पहिला दिवस फुकट गेला. समोर जन्मभर हवं होतं ते पसरलेलं, आणि हिचा जीव टांगणीला. ताईला किल्ली नीट लावता येत नाही. ताई अनोळखी माणसाशी बोलताना पुटपुटते. ताई घसरली तर?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती पाण्यात चालत निघाली. मागचा किनारा बारीक झाला तरी पाणी गुडघ्यापर्यंतच, आणि इतकं नितळ की पायाची नखं मोजावीत. तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी हलत होती. पुढे एके ठिकाणी तळ एकदम संपला. कापून काढावा तसा. अलीकडे फिकट हिरवं पाणी आणि पलीकडे गर्द निळा खोल अंधार. ती त्या काठावर थांबली. खालून काहीतरी वर येत होतं. आधी सावली वाटली. मग कळलं, मासा आहे. चपटा, एखाद्या पलंगपोसाएवढा, कडा संथपणे वरखाली करत येणारा. तो तिच्या समोर आला, वळला. पांढरंशुभ्र पोट तेवढं चमकलं, आणि घाई न करता तो परत खोल निघून गेला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा.

दातवाली पुतळ्यासारखी उभी होती. अंगावर काटा आला होता. भीती वाटायला हवी होती, पण भीती आलीच नाही. हे सगळं इथे रोज चालू असतं, तिच्या मनात आलं. मी दिव्याखाली मेण कोरत असते तेव्हाही हे इथे असंच वर येतं, वळतं, खाली जातं. कुणी बघो न बघो. तिने हात जोडले, आणि आपण हात जोडलेत हेही तिला मागाहून कळलं. पाणी कमरेला लागलं तेव्हा ती भानावर आली.

संध्याकाळी छोट्या बेटावरच्या उतारूघरात ताईचा फोन आला. दातवालीने तोंड उघडायच्या आत पलीकडून धबधबा सुरू झाला. "छोटे, अगं ऐक! मी वर जाऊन आले. दोनदा! जमीन गरम लागते गं चपलेतून. गाडीवाला म्हणतो, मावशी, तुम्ही माझ्या पुढे चालता. आणि आज एक ठिकाण सापडलंय, तिथे बसलं की खालून आवाज येतो. तो आवाज तू ऐकायलाच हवास. मी सांगून नाही कळायचं..."

ताई बोलतच राहिली. दातवाली फोन कानाला लावून भिंतीला टेकली. आपल्या बहिणीला एवढं बोलता येतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

मधल्या बोटीला अजून अवकाश होता. ते दिवस ती पहाटेपासून पाण्यात असायची. बोटीच्या दिवशी मात्र खरा पेच पडला. राहिली तर आणखी कितीतरी वेळा त्या काठावर जाऊन उभं राहता येणार होतं. तिने एकदा पाण्याकडे बघितलं, स्वतःशीच 'चला' म्हणाली आणि पिशवी भरली.

धक्क्यावर ताई उभी. चेहरा उन्हाने रापलेला, केसांत राख, आणि गाडीवाल्याशी मोठ्या आवाजात वाद चाललेला. धाकटीला बघताच तिने वाद अर्धवट सोडला. "तुझे दिवस का गं वाया घालवलेस?" एवढंच म्हणाली, आणि लगेच, "चल, दुपारी वर जाऊ. ढग नाहीत."

गाडी संपली तिथून चाल. ताई पुढे, दातवाली धापा टाकत मागे. झाडं संपली, गवत संपलं, पायाखाली काळी खडी करकरायला लागली. मग एकदम कड आली. खाली एवढं मोठं विवर की पलीकडची भिंत धूसर दिसत होती. तळाशी काळ्या सायीवर लाल भेगा. एक भेग रुंदावत जायची, आतून झगमगीत केशरी रस उसळायचा, साय त्यात बुडायची आणि पुन्हा नवी धरायची. एवढेसे आपण, दातवालीच्या मनात आलं, आणि असल्या कशावर घरं बांधून राहतो!

"इथे बस," ताई म्हणाली. "डोळे मीट."

आधी नुसता वारा. मग त्याच्या खाली आवाज आला. खोल, लांबलचक, ओढून घेतल्यासारखा. थांबला. मग तेवढ्याच सावकाश बाहेर. पुन्हा थांबला. बसल्या दगडातून तो अंगात चढत होता.

"श्वास," दातवाली कुजबुजली.

"हो ना." ताईने गुडघे पोटाशी घेतले होते. "यांच्या शेवटच्या वर्षांत मी यांच्या श्वासाला कान लावून झोपायचे. मधे थांबला की धडपडून उठायचे. ते गेले तरी कान काही थांबेनात. इथे आले, पहिल्यांदा याचा आवाज थांबला, आणि मी तशीच दचकले. उठायलाच निघाले होते गं." ती हसली. डोळे भरलेले होते. "मग याने आपला आपणच घेतला. पुन्हा घेतला. याला माझी गरजच नाही, छोटे. मी इथे बसल्या बसल्या झोपले. गाडीवाल्याने हलवून उठवलं."

ताईच्या पाठीवर हात ठेवून दातवाली त्या भेगांकडे बघत राहिली. गाडीवाल्याच्या हाका आल्या तेव्हा ताईच ओरडली, "पाच मिनिटं!"

उरलेले दिवस दोघी डोंगराभोवती फिरल्या. छोटं बेट ताईने बघितलंच नाही. परतीच्या विमानात पट्टा बांधून झाल्यावर तिने धाकटीला कोपराने डिवचलं.

"मी आपली माझंच पुराण लावलंय. आता तुझं सांग. पहिल्यापासून."

"ओहोटी होती," दातवाली म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून त्या माशाची लांबी दाखवायला गेली, तर तिचा हात शेजारच्या माणसाच्या नाकावर आपटला. ताई खदखदून हसली. माणसाची माफी मागून झाली. मग दातवालीने हात मांडीवर घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.