पाठवणीमागची बासरी

अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारा तो माणूस काम दाखवताना पडद्याकडे बघतच नसे. हेडफोन एकाच कानावर, अंगठ्याचं नख टेबलावर टकटक वाजत असलेलं, आणि नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

ताईच्या पाठवणीला बाबा रडले नव्हते. गाडीच्या डिकीजवळ उभे राहून बोटानं बॅगा मोजत होते. त्याचा राग माझ्या मनातून जात नव्हता. मिक्सिंगवाल्यानं आधी तेच दृश्य मुकं दाखवलं, मग त्याच्यामागे बासरी सोडली. त्याच बॅगा, तेच बोट. पण मला बाबा आतून मोडलेले दिसायला लागले.

"ते रडले नव्हते हो," मी डोळे पुसत म्हणाले.

"मले मालूम हाये, सगळं शूटिंग पाहेल हाये मीनं," तो म्हणाला. "पन तुमी तं रडून राहिल्या ना."

आता पाहुणे आले की बाबा हौसेनं तो व्हिडिओ लावायला सांगतात. "त्या दिवशी मले रडू आवरत नव्हतं," म्हणतात. रिमोट माझ्या हातात असतो, आणि बोट आवाज बंद करायच्या बटणावर घुटमळत राहतं.