पडलेली माती

गाडी धुवायला अक्कल लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी काळी गाडी कधी धुतलेली नसते. मी धुतली, चार-पाच वर्षं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडकडे एका साहेबांचं फार्महाऊस होतं, तिथे मी ड्रायव्हर आणि माझे बाबा माळी. ते फार्महाऊस उभं होतं ती जमीन म्हणजे आमचीच भाताची खाचरं. विकताना बाबांनी एकच अट घातली होती, मरेपर्यंत मला इथंच राहू द्या. साहेब हो म्हणाले. कागदावर मात्र काही आलं नाही. आमच्याकडे तोंडच्या शब्दाला किंमत असते, आणि ती दर वेळी आम्हीच मोजतो.

एका शनिवारी साहेबांनी मुंबईहून साबणाच्या वडीएवढा राखाडी गोळा आणला. "ही क्ले. गाडीची माती," म्हणाले. झाडाचा चीक, रस्त्याची धूळ, लोखंडाचा बारीक कीस, असं धुऊनही रंगाला चिकटून राहिलेलं सगळं ती ओढून घेते. शाम्पूचं पाणी मारायचं, गोळा चपटा करून हलक्या हाताने सरळ पुढे-मागे फिरवायचा, मळला की आत दुमडायचा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून फिरवला की राहिलेली खरखर बोटांना कळते. हे सगळं मी पटकन शिकलो. जाता जाता साहेब म्हणाले, "आणि हो, खाली पडली तर फेकून दे. माती जमिनीवर पडली की बाद."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही.

पुढे एकदा पाहुणे येणार होते. मी बॉनेटवर क्ले फिरवत होतो आणि शाम्पूने निसरड्या झालेल्या हातातून गोळा सटकून मुरमावर पडला. उचलून कुंपणापलीकडे भिरकावणार, तेवढ्यात झाडांना पाणी घालणारे बाबा ओरडले.

"टाकतोस कुटं रे?"

"पडली ना बाबा खाली."

"मग? माती टाकायची नसते." त्यांनी माझ्या हातातून गोळा घेतला, पडलेली भाकरी लावतात तसा कपाळाला लावला, बादलीत धुतला, नखांनी दोन खडे काढले आणि मळून मऊ करून माझ्या हातात ठेवला. "घे. झाली का नाय बेस?"

आत एक कण राहिला तरी रंगावर ओरखडे उठतात, हे मला ठाऊक होतं. पण ज्यानं ह्याच जमिनीत जन्मभर चिखल तुडवला, त्याला ह्या जमिनीवर पडलेली माती वाया जाते हे कोणत्या तोंडाने सांगायचं? असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे डब्यात दुसरा गोळा नव्हता आणि पाहुणे यायची वेळ झाली होती. मी तोच फिरवला.

पुसून झाल्यावर ऊन बॉनेटवर आलं आणि रेघा दिसल्या. बारीक, सरळ, एकीला लागून एक. बाबा वाकून बघत म्हणाले, "तास पडलं की रे." नांगराचे तास, शेतातले. त्यांना गंमत वाटली असावी. मी फडक्याने पुन्हा पुसून बघितलं, रेघा तशाच.

साहेबांनी गाडीपाशी येऊन एवढंच विचारलं, "कोणी केलं हे?"

"बाबांनी," मी म्हणालो. "मी नव्हतो इथे."

एवढं खोटं बोलायला मला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"होय साहेब. मीच."

"माती जमिनीवर पडली की बाद होते, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"आमच्यात नाय होत, साहेब," बाबा म्हणाले. उद्धटपणे नाही, माहिती द्यावी तसं.

तेच साहेबांना लागलं. महिनाअखेरीस बाबांना घरी जायला सांगितलं. घर कुठलं? तेच तर घर होतं. तेव्हाही मी खरं काय ते सांगितलं नाही. माझी नोकरी राहिली, पुढे दोन वर्षं मी तीच गाडी चालवली. लोक म्हणतात, अमक्याने माती खाल्ली. मी ती बापाच्या ताटातली खाल्ली.

बाबांना मी शहापूरला माझ्या भाड्याच्या खोलीत आणलं. दुसरा मजला, खाली फरशी. त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही, आणि माफी मागायला मला जमलं नाही. एकदा जेवताना त्यांच्या हातातून भाकरीचा तुकडा खाली पडला. मी उचलायला वाकलो, त्यांच्या सवयीने कपाळाला लावणार होतो.

"राहू दे रे," बाबा म्हणाले. "पडली की बाद."

आणि ताटात उरलेली भाकरी ते खाली मान घालून खात राहिले.