हिरामणच्या बंदुकीला सेफ्टी नव्हती

बुऱ्हाणपुरात निवडणूक लागली की आमच्याकडे किस्से जमायला लागतात. आचारसंहिता आली की लायसनच्या बंदुका जमा कराव्या लागतात आणि राजघाटच्या रस्त्यावर अण्णांच्या दुकानात त्यांची रांग लागते. निकाल लागला की बंदुका आपापल्या घरी जातात. किस्से मात्र इथेच राहतात, त्यांना न्यायला कोणी येत नाही.

अण्णा म्हणजे भास्करअण्णा. उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला. मी नेपानगरच्या कागद कारखान्यातला रिटायर्ड टर्नर. घरी बायकोला दिवसभर नको असतो, म्हणून अण्णांकडे बसतो.

यंदाचे सगळे किस्से एकाच बंदुकीने घडवले. खकनारकडचा केळीवाला हिरामण पाटील आजोबांची दुनाळी घेऊन आला. वीस बोर, म्हणजे नेहमीच्या बारा बोरपेक्षा बारीक नळीची. सोबत एक सरकारी कागद: सेफ्टी, म्हणजे घोडा अडवून धरणारी कळ, तुटलेली आहे, शस्त्र असुरक्षित, दुरुस्त करा नाहीतर जमा करा. अशी जमा झालेली बंदूक पुढे कापली जाते, हे हिरामणला ठाऊक होतं.

"अण्णा, मह्या आजाची बंदूक हाये. तिले कापाले कशी देऊ? एक सेफ्टी लावून टाका ना."

अण्णांनी बंदूक उलटीपालटी करून पाहिली. "सेफ्टी लावायची तर वरचं पोलाद कापावं लागेल. धडधाकट माणसाला कुबड्या लावायला मी बसलेलो नाही. ही कबुतरांच्या नेमबाजीची, पेटीतून सोडलेली कबुतरं टिपायच्या शर्यतीची बंदूक आहे. हिला सेफ्टी कधी नव्हतीच. सोमवारी तपासणीचे साहेब येतायत, त्यांना दाखवू."

कबुतराची बंदूक म्हणजे बारा बोर, आणि वीस बोर म्हणजे हलकीफुलकी, शिवारात हिंडताना न्यायची, असंच सगळे धरून चालतात. अण्णांचं म्हणणं वेगळं. ज्याचा नेम पक्का, तो मुद्दाम लहान बोर घेऊन उतरायचा, पैलवानाने एक हात बांधून कुस्ती खेळावी तसा. ठीक आहे, पण हे साहेबांना कोण पटवणार?

* * *

बातमी फुटायला वेळ लागला नाही. कबुतराच्या बंदुकीला सेफ्टी लागत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ज्याची त्याची बंदूक कबुतराची!

एक गृहस्थ अठ्ठावीस बोर घेऊन आले. बाजूच्या पत्र्यावर पक्षी कोरलेला.

"अण्णा, हे बघा कबुतर."

"हा तितर आहे."

"जुन्या काळचं कबुतर असेल."

अण्णांनी खिशातून काडेपेटी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "हिच्यावर मोर आहे. आजवर एकदाही नाचला नाही."

गृहस्थ बंदूक गुंडाळून निघाले. दारातून मात्र वळून काडेपेटी पुन्हा एकदा नीट पाहून गेले.

* * *

मग अण्णांनी वजनाचा मुद्दा काढला. कबुतराच्या नेमबाजीत माणूस एका जागी उभा असतो, त्याला बंदूक खांद्यावर वागवत मैलोगणती चालायचं नसतं. म्हणून ती बंदूक तिच्या बोरच्या मानाने जड करतात. समोरच केळीची वखार आहे. तिथल्या काट्यावर हिरामणची वीस बोर तीन किलोच्या वर भरली. आम्ही खूश.

हे ऐकून एक वकीलसाहेब आपल्या काकांची चारशे दहा घेऊन आले. चारशे दहा म्हणजे सगळ्यात बारीक, अगदी काडी. ती काट्यावर हिरामणच्या बंदुकीपेक्षा जड निघाली! वकीलसाहेब वखारीतच पेढे मागवू लागले.

अण्णांनी खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडली. आत पोकळी करून शिसं ओतलेलं, वर जुन्या पेपरचा बोळा. धक्का कमी बसावा म्हणून काकांनी केलेला उपाय.

"वकीलसाहेब, काकांचा खांदा नाजूक होता, एवढंच शाबीत होतंय."

* * *

आता माझी फजिती. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

कबुतराच्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या तोंडाशी आवळलेल्या असतात, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात. ते मोजायला मी स्वतः लेथवर गेज केलं होतं. माझा जुना फोरमन सासऱ्यांची बंदूक घेऊन आला. मी गेज घातलं, चष्मा सावरला आणि चार माणसांत जाहीर केलं, "दोन्ही तोंडं एकदम टाइट. शंभर टक्के कबुतराची!"

अण्णांनी नळीत गज घातला. टेबलावर वाळलेल्या मातीचा ढिगारा पडला. कुंभारीण माशीने दोन्ही नळ्यांत घर केलेलं!

फोरमनने माझं गेज उचलून पाहिलं. "टर्नर, कारखान्यात पण तू असंच मोजायचास काय?"

त्यानंतर मी हिरामणच्या नळ्या पाच वेळा पुसल्या आणि पाच वेळा मोजल्या. दोन्ही आवळलेल्याच निघाल्या. तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

* * *

हाफिजभाईंनी मात्र कमालच केली. बंदुकीचे लाकडी दस्ते तेच करतात, आणि त्यांच्या गच्चीवर पन्नासेक कबुतरं आहेत. या गावात कबुतर उडवायचं असतं. ते मारायची बंदूक असते, हे ऐकून त्यांनी पटाशी खाली ठेवली.

"अण्णा, इस चीज़ को मैं हाथ नहीं लगाऊँगा."

"लावू नका. नुसतं बघा."

हाफिजभाई हात मागे बांधून बंदुकीभोवती फिरले. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला राहवलं नाही. बंदूक उचलून गालाला लावली, डोळा मिटला आणि म्हणाले, "दस्ता ऊँचा रखा है. निशाना ज़रा ऊपर जाएगा." मग बंदूक हळूच खाली ठेवली. "कबूतर पेटी से निकलते ही ऊपर उठता है. बनाने वाला कमबख़्त कबूतर को जानता था."

सगळ्यात भक्कम पुरावा कबुतरवाल्याने दिला. मला उठून नाचावंसं वाटलं, गुडघे नाहीत म्हणून नाचलो नाही.

* * *

सोमवारी साहेब आले. तरणा माणूस, कागदाला पक्का. हिरामण सकाळपासून टोपी हातात घेऊन उभा होता, चहासुद्धा घेतला नव्हता.

"इसकी सेफ्टी टूटी हुई है," साहेब म्हणाले.

"साहेब, तुटायला आधी असावी लागते." अण्णांनी भिंग दिलं. सेफ्टीचं बटण जिथे असतं, तिथून कोरलेली वेल अखंड गेली होती. खाच नाही, भोक नाही, भरल्याची खूण नाही. मग वजन, नळ्या, दस्ता, सगळं दाखवून झालं.

साहेबांनी मान हलवली. "सब ठीक. लेकिन बिना सेफ्टी की बंदूक कोई बनाएगा क्यों?"

अण्णांनी सांगितलं. "समोर पाच पेट्या. कुठली उघडेल ते माहीत नाही. कबुतर उठलं की ते आखलेल्या हद्दीच्या आत पाडायचं, बाहेर पडलं तर धरत नाहीत. त्या घाईत जो सेफ्टी काढायला विसरला, तो हरला."

"इतना कौन भूलता है?"

अण्णा साहेबांना मागच्या अंगणात घेऊन गेले. सेफ्टीवाली एक रिकामी दुनाळी त्यांच्या हाती दिली. साहेबांनी ती उघडून रिकामी असल्याची स्वतः खात्री केली आणि मिटली.

"हिरामण, टोपी उडव."

टोपी वर गेली. साहेबांनी बंदूक खांद्याला लावून घोडा दाबला, पुन्हा दाबला, घोडा हललाच नाही. टोपी खाली आली. ती बंदूक उघडून मिटली की सेफ्टी आपोआप लागते, आणि साहेब ती काढायला विसरले होते.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि लिहिलं: मूळ बनावटच सेफ्टीविना, दोष नाही, नूतनीकरणास हरकत नाही. सही केली. हिरामणने अण्णांचे पाय धरले आणि तो ढसाढसा रडला. माझेही डोळे भरले, का खोटं बोलू? बंदूक वाचली होती.

साहेब जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"पाटील जी, टोपी एक बार और."

या वेळी त्यांनी हिरामणची बंदूक घेतली. ती रिकामी असल्याचं पाहिलं, पाय रोवले. टोपी उडाली. खट्‌! टोपी गेली ती थेट कुंपणाशी जाऊन पडली.

हिरामण ती उचलायला वाकला, तसा साहेबांनी हात वर केला.

"रुकिए, छूना मत. पहले देखने दो, हद के अंदर गिरी है या बाहर."