साचे घासायचे नसतात

गरम पाव दोन्ही हातांत धरून शेजारच्या मावशी मधोमध मोडायच्या आणि एक अर्धा समोरच्याच्या हातात कोंबून म्हणायच्या, "आधी खा, मग बोल." समोर पाहुणा असो, गॅसवाला असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. त्या उमेदवाराचं भाषण तोंडातच राहिलं, कारण पावातल्या सारणात हिरव्या मिरचीचा ठेचा होता.

बजाजनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. गल्ली त्यांना पाठीमागे 'पाववाली' म्हणायची, मी मावशी म्हणायचे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचा गॅस जोडलेला नव्हता आणि मी भुकेनं चिडलेली होते. मागच्या भिंतीवरून एक ताटली आली. "काय करायलीस गं पोरी? सामान ऱ्हाऊ दे, आधी खा." ताटलीत पावाचा एक प्राणी होता. मी म्हटलं, डुक्कर छान झालंय. मावशी अशा भडकल्या की विचारू नका. "डुकराला असले कान असतात व्हय? हत्ती हाय तो! आमच्या मालकांनी केलाय साचा."

त्यांचे मालक वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा कापायचे. घरी आले की तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापायचे, कडा दुमडायचे आणि बायकोसाठी पावाचे साचे करायचे. मासा, चंद्रकोर, तो आखूड सोंडेचा हत्ती आणि सगळ्यांत देखणं पिंपळाचं पान. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या आधीच ते गेले होते. साचे मात्र रोज पाहिले. वर्षानुवर्षं तेल पिऊन ते जुन्या तव्यासारखे काळे झाले होते. "ह्याला पाणी लावायचं नाय," मावशी सांगायच्या. "फडक्यानं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. काळं हाय म्हणून तर पाव सुटतोय."

मागच्या अंगणात लोखंडी पिंपाची भट्टी होती. तिथं बसून मी त्यांच्याकडून सारणं शिकले. उकडलेला बटाटा, भाजलेले दाणे आणि ठेचा. मेथी आणि भरपूर लसूण. गोडात सुकं खोबरं, गूळ, खसखस. प्रत्येकात कालच्या पावाचा चुरा, सारणाचं पाणी शोषायला. आणि सारण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. मी एकदा घाई केली, तर पाव खालून चिकट झाला. "गरम सारणानं पाव रडतोय," म्हणाल्या, आणि तो रडका पावही मला संपवायला लावला. पाककृती त्या कुणालाही देत. अट एकच, आधी त्यांच्या घरात बसून खायचं.

ही अट आमच्या गल्लीला जड गेली. का, ते सरळच सांगते. मावशी बौद्ध होत्या.

तोंडावर कुणी काही बोलत नसे. बोलायला हिंमत लागते. बायका दारातूनच विचारत, "मावशी, सारणात काय काय घालता हो?" आणि अर्धा पाव पुढे आला की म्हणत, "अय्या, आज उपास आहे माझा." माझे आजोबा भिक्षुकी करायचे. सोमवार कुणाचा, मंगळवार कुणाचा, कुठला उपास केव्हा सुटतो, हे मला पाळण्यापासून पाठ आहे. या बायकांचे उपास कुठल्याच पंचांगात बसत नव्हते. मावशी हसून म्हणायच्या, "तुमचे देव लई उपाशी ठेवायलेत गं तुम्हाला." त्या हसायच्या आणि माझं डोकं तापायचं.

बुद्ध पौर्णिमेला त्या गोड सारणाची पिंपळपानं करत आणि घरोघर ताटली पाठवत. ताटली रिकामी परत करू नये ही रीत गल्ली कसोशीनं पाळायची. लगेच, धुऊन, वर चिमूटभर साखर घालून ताटल्या परत येत. एका पौर्णिमेला मी मावशींबरोबर दूध आणायला निघाले, तर कोपऱ्यावरची गाय काहीतरी चघळत उभी होती. तिच्या पायाशी पिंपळपानांचा ढीग होता. मावशींनी पाहिलं. मग म्हणाल्या, "चला, हिचा तरी उपास नाय."

मला त्या क्षणी प्रत्येक दारावर लाथ मारावीशी वाटली होती. अजूनही वाटते.

त्यानंतरही त्या बाईनं आशा सोडली नाही, याचा मला खरं तर त्यांच्यावरच राग यायचा. महिला मंडळाची पाककला स्पर्धा आली. अध्यक्षीणबाई स्वतः दारात आल्या. आमच्या मंडळाला तुमचे साचे द्या, पाहुण्या परीक्षक येणार आहेत. मावशी म्हणाल्या, "देते. पण सगळ्याजणी एकदा माझ्या घरी येऊन जेवा."

"हो हो, नक्की! स्पर्धा झाली की दुसऱ्याच दिवशी."

मी भिंतीवरून खुणा करत होते, नका देऊ म्हणून. मावशींनी साचे स्वच्छ फडक्यात बांधून दिले. दुसऱ्या दिवसापासून घर आवरायला घेतलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे नवं कापड घातलं, बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसली, कुणाला काय चालतं ते मला विचारून घेतलं. लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळं सारण ठरवलं. कुणाला कुठं बसवायचं हेसुद्धा ठरलं होतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी साचे परत आले. मी तिथंच होते. फडकं सोडलं. साचे लखलखत होते. हत्ती, मासा, पान, सगळे दुकानातून आणल्यासारखे.

"वापरायच्या आधी चिंच आणि राख लावून छान घासून घेतले हो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "वर थोडं गोमूत्र शिंपडलं. आमच्यात असतं तसं. पण पाव काही नीट सुटले नाहीत. साचेच जरा खराब आहेत का?"

मी उठले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. घासायला काय झालं होतं, काय लागलं होतं त्या साच्यांना, सांगा ना! त्या म्हणाल्या, "अगं, परंपरा असते एकेक." मावशींनी माझ्या हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांना एवढंच विचारलं, "उद्या येणार ना?"

"बघू हो. उद्या नेमकी एकादशी आली."

एकादशी परवाच होऊन गेली होती.

मावशी रडल्या नाहीत. भट्टी पेटवली, साच्यांना तेल चोपडलं आणि रिकामेच आत सरकवले. बाहेर काढले, पुन्हा चोपडले, पुन्हा आत. गल्लीभर जळक्या तेलाचा धूर झाला. कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, अहो, वाळत घातलेले कपडे खराब होतायत. तेव्हा प्रथमच मी त्यांचा खरा आवाज ऐकला.

"होऊ द्या! माझ्या मालकाच्या हातचं काम उजळ करून पाठवलंय तुम्ही. मी त्याला परत काळं करायलेय. बघा, बघत बसा!"

कितीतरी दिवस तो धूर चालला. साचे काळे झाले, पण पहिला काळेपणा काही आला नाही. हत्तीचा पाव शेवटपर्यंत सोंडेशी चिकटायचा. त्या वर्षापासून गल्लीत एकही ताटली गेली नाही. गल्लीला ते लक्षातही आलं नसावं.

मग गुडघे गेले आणि मुलगी त्यांना कन्नडला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना भट्टी माझ्या अंगणात ठेवून गेल्या आणि पिंपळपानाचा साचा माझ्या हातात दिला. "घासू नको," एवढंच म्हणाल्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्याचा मुलीचा फोन आला. त्या दिवशी मी पाव केले. सारण मात्र गार होऊ दिलं, उगाच शिव्या नकोत.

परवा अध्यक्षीणबाई माझ्या दारात आल्या. मंडळाला मावशींच्या नावानं काहीतरी करायचं आहे म्हणे. "फार मायाळू होत्या हो. त्यांची ती पाककृती तुझ्याकडे असेल ना? आणि तो पानाचा साचा?"

भट्टीतून पान नुकतंच निघालं होतं. मी ते मधोमध मोडलं आणि एक अर्धा त्यांच्यापुढे धरला.

"आधी खा. त्यांच्याच साच्यातला आहे."

त्यांनी पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगं, आज माझा गुरुवार."

"मग सुटल्यावर या. झाकून ठेवते."

संध्याकाळ होईपर्यंत तो अर्धा पाव ओट्यावर झाकलेला होता. त्या आल्या नाहीत. कोपऱ्यावरची गाय तेवढी सवयीनं फाटकाशी येऊन उभी राहिली.

मी तिला हाकललं, आणि तो अर्धा पाव मावशींच्या भिंतीपाशी उभी राहून खाल्ला.