रेमिहिओ नदीत का उतरला

न्या देओलिंदा सव्वीस वर्षं गावच्या शाळेत झाडलोट करत होती. घंटाही तीच वाजवायची, आणि सगळं गाव तिला मानानं 'न्या' म्हणायचं. तिसरीच्या वर्गाची खिडकी व्हरांड्यात उघडायची, त्यामुळे तिथले धडे रोज तिच्या कानावरून जात.

नील्सा वाचायला उभी राहिली त्या दिवशी तिचा झाडू थांबला. नऊ वर्षांची पोर स्पॅनिश घडाघडा वाचत होती, कुठे अडखळणं नाही. वाचून झाल्यावर रामोना बाईंनी विचारलं, "रेमिहिओ नदीत का उतरला?"

नील्सानं पान पुन्हा उलटून पाहिलं.

"आत्ताच वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग?"

मागून कुणीतरी "पोपट" म्हणालं आणि वर्ग हसला.

मधल्या सुट्टीत नील्सा हातपंपापाशी एकटीच बसली होती. न्या देओलिंदानं जवळ जाऊन ग्वारानीत, गावच्या घरगुती बोलीत, विचारलं, "कोण गं हा रेमिहिओ?"

"माहीत नाही. मी वाचते, न्या देओलिंदा, पण सगळं तोंडातूनच जातं. आत काही राहत नाही."

हे न्या देओलिंदाच्या जिव्हारी लागलं. लहानपणी तिच्याही घरात ग्वारानीच बोलली जायची. शाळेत तिचा एक शब्द तोंडून निघाला तरी मिठावर गुडघे टेकून बसावं लागे. तिसरीतच शाळा सुटली, आणि आपण मठ्ठ आहोत हे तिनं पुढे कित्येक वर्षं धरून ठेवलं होतं.

शाळा सुटल्यावर ती रामोना बाईंकडे गेली. "बाई, त्या पोरीला रोज थोडा वेळ माझ्याजवळ बसवू का?"

"बसवा. पण उत्तरं पाठ करून देऊ नका."

"उत्तरं मला येत असती तर मी झाडू मारला असता होय?"

दुसऱ्या दिवसापासून दोघी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसू लागल्या. एक वाक्य वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि घरी बहिणीला सांगावं तसं ते ग्वारानीत सांगायचं. न कळलेल्या शब्दावर बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी जेमतेम तीन वाक्यं झाली.

"इतकं हळू? सगळे हसतील मला."

"इथं हसायला आहे कोण? मी आणि ती कोंबडी."

कंटाळून नील्साचं लक्ष उडू लागलं, तेव्हा म्हातारी मुद्दाम चुकीचं सांगू लागली. "म्हणजे रेमिहिओ बैल घेऊन नदीवर गेला."

"बैल कुठंय? होडी आहे."

"असेल. दाखव बघू कुठं लिहिलंय."

नील्सा ओळीवर बोट ठेवून दाखवायची आणि वर टोमणाही मारायची, "तुम्हाला साधी होडी कळत नाही."

तिसऱ्या आठवड्यात त्या एका वाक्यापाशी पोचल्या. आभाळ काळं झालं होतं, तरी रेमिहिओनं सदऱ्यात गुंडाळलेली छोटी बाटली छातीशी धरली आणि होडी लोटली. नील्सानं पुस्तक मिटलं.

"औषध आहे त्यात," नील्सा हळूच म्हणाली. "पलीकडे कुणीतरी आजारी आहे."

"असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण दारू असती तर तो थांबला असता."

परीक्षेत नील्साची दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली. मागच्या खेपेला एकच आलं होतं. त्यानंतर धडा आधी ग्वारानीत सांगायला रामोना बाईंनी सगळ्या वर्गाला मुभा दिली.

नील्साची आई एमेरिता मात्र तणतणत शाळेत आली. "आधी कशी घडाघडा वाचायची. आता ओळीओळीला थांबते. काय करून ठेवलंत पोरीचं?"

न्या देओलिंदानं तिला तेरेरेचा, गार पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाचा, पेला दिला. "बस जरा. काय वाचलं ते तिलाच विचार."

एमेरिताला स्वतःला वाचता येत नव्हतं. ती पायरीवर टेकली, बाजाराची पिशवी तशीच मांडीवर. नील्सानं नवा धडा काढला, एक वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि ग्वारानीत सांगितलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यापाशी एक शब्द अडला. त्यावर बोट ठेवून ती विचार करत राहिली.

एमेरितानं पिशवी खाली ठेवली.

"मग?" ती म्हणाली. "पुढं काय झालं?"