मास्तर एकदाच ‘कळवतो’ म्हणाले

नोकरी मागायला आलेल्या माणसाचा अर्ज मास्तर आधी पालथा घालत आणि त्यावर आपल्या चष्म्याचा डबा ठेवत. मग सुताची एक कांडी पुढे सरकवून, तिचा धागा तोडून म्हणत, "जोड." तो जोडून होईपर्यंत ते फक्त समोरच्याच्या बोटांकडे पाहत. जोडलेला धागा चिमटीतून ओढताना गाठ बोटाला लागली की नापास, नाही लागली की पास. निकाल तिथल्या तिथे. "कागद खोटं बोलते पोरी, बोटं नाही बोलत," असं मला ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

मी तेव्हा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत, कामगार भरतीच्या विभागात नवीन लागले होते. मास्तर सूतकताई खात्याचे प्रमुख. जन्म उमरेडच्या विणकराच्या घरातला, त्यामुळे चालायच्या आधी सूत हातात आलेलं. भुवयांवर कापसाची लव कायम बसलेली असायची, तिच्यामुळे ते होते त्याहून म्हातारे दिसत. मुलाखती ते घेत आणि शेजारी बसून नोंद मी करत असे.

वशिल्याचा त्यांना राग यायचा नाही, गंमत वाटायची. एकदा एक स्थानिक पुढारी भाच्याला घेऊन आले. मास्तरांनी मामांसाठी चहा मागवला आणि भाच्यापुढे कांडी ठेवली. भाच्यानं धाग्याचा गुंता करून टाकला. मास्तर हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमचा चहा झाला. भाच्याचं काम नाही झालं." पुढारी रागावून गेले, पण चहा संपवून गेले.

अशा माणसासमोर एका दुपारी नंदिनी येऊन बसली. फिकट निळा पंजाबी ड्रेस, घट्ट वेणी, आवाज जरा जाड. मास्तर नेहमीसारखे खाली पाहूनच म्हणाले, "बस वं माय. जोड." तिनं धागा असा जोडला की मास्तरांनी तो दोनदा ओढून पाहिला. मग हसले. "कुठं शिकली वं?"

"एका गिरणीत पाच वर्षं होती मी," ती म्हणाली.

मास्तरांनी अर्ज सुलटा केला. आधारकार्डावर नंदिनी, अनुभवाच्या दाखल्यावर नंदकिशोर. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"दोन्ही मीच आहो," ती शांतपणे म्हणाली. "तिथं लागली तेव्हा मुलगा म्हणून लागली होती. मंग खरं सांगितलं, तर त्यायनं काढून टाकलं."

आमच्याकडे पुरुषाला ‘गा’ म्हणतात, बाईला ‘वं’. या दोहोंपैकी एक शब्द लावल्याशिवाय मास्तरांचं वाक्यच पुरं होत नसे. त्या दिवशी त्यांच्या जिभेला दोन्ही सापडेनात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवतो."

मास्तर कोणालाच ‘कळवतो’ म्हणत नसत. हो किंवा नाही, इतकंच म्हणत. नंदिनीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ती उठली आणि म्हणाली, "कळवायची गरज नाही मास्तर. कळलं मले." जोडलेल्या धाग्याची कांडी तिनं नीट टेबलावर ठेवली आणि ती गेली. मी रजिस्टरात काय लिहावं ते न सुचून रकाना कोरा ठेवला.

नंतर मास्तर चिडचिडे झाले. माणसं कमी होती, दोन यंत्रं बंद पडून राहायची, तरी येईल त्याला नापास करत. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच विषय काढला. समोर शोभाताई होत्या, खात्यातल्या सगळ्यात जुन्या कामगार. मास्तरांनी नंदिनीची हकिगत सांगितली आणि म्हणाले, "घेतलं असतं मी. पण तुम्ही बायका काय म्हणाल, कपडे बदलायची खोली, संडास, या सगळ्याचा इचार करा लागते ना."

शोभाताईंनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "आमाले इचारलं होतं का तुमी?"

"नाही."

"मंग आमच्या नावानं काहून नाही म्हणता? भेव तुमाले वाटलं, अन् आमच्या पदरात टाकून राहिले."

मास्तर डबा अर्धा टाकून उठले. त्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही बसनं कोराडीला, नंदिनीच्या अर्जावरच्या पत्त्यावर गेलो. वीजकेंद्राच्या राखेनं झाडांची पानं करडी झाली होती. एका लहानशा खोलीत नंदिनी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. आम्हाला पाहून तिनं पाय थांबवला नाही.

"माह्यं चुकलं," मास्तर दारातूनच म्हणाले.

"काय चुकलं?"

ते गडबडले. माफी मागायची तर काय चुकलं तेही सांगावं लागेल, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. मग हळू म्हणाले, "तू पास होती. कागद पाहून मी फिरलो."

आता यंत्र थांबलं. "अन् उद्या कोणी बोंबललं, तर अजून फिराल?"

"मी आहो तोवर नाही. माह्या नंतरचं मी सांगू शकत नाही."

मला वाटतं, या दुसऱ्या वाक्यानं तिचा विश्वास बसला. तिनं पाणी दिलं. ओळखपत्रावर नंदिनी हेच नाव पाहिजे, हे ठरवून घेतलं. मास्तर म्हणाले, "मंग येतेस का वं उद्यापासून?"

"गुरुवारी येईन. लोकांचे ब्लाउज द्यायचे आहेत."

पुढचं सोपं नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून, काही झालं तर जबाबदारी तुमची, असं लिहून घेतलं. ओळखपत्र दोनदा जुन्या नावानं छापून आलं आणि मास्तरांनी ते दोनदा परत पाठवलं. तिच्यासोबत एका खोलीत कपडे बदलायला खात्यातल्या दोघींनी नकार दिला. एक वर्षभरात निवळली. दुसरी शेवटपर्यंत नंदिनीशी बोलली नाही. नंदिनीही काही गरीब गाय नव्हती. उलट बोलायची, कधी उशिरा यायची. मग मास्तर सगळ्यांदेखत तिला झापत, इतरांना झापत तसंच. "घड्याळ विकून खाल्लं का वं?" ती तोंड वाकडं करून यंत्राकडे जायची आणि शोभाताई पदराआड हसायच्या.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये छोटा कार्यक्रम झाला. एव्हाना कारखान्याच्या कॅलेंडरवर नंदिनीचा फोटो झळकला होता. जबाबदारी लिहून घेणारे मॅनेजरसाहेबच माइकवर म्हणाले की, नंदिनीला नोकरी देऊन मास्तरांनी मनाचा मोठेपणा दाखवला. टाळ्या पडल्या. मास्तर शाल सावरत उठले.

"साहेब चांगलं बोलले, पण अर्धंच बोलले. ही पोरगी पास झाली होती अन् मी तिले परत पाठवलं होतं. मले भेव वाटलं. कोराडीले जायले मले तीन आठवडे लागले. तेव्हाच घेतलं असतं तर हा मोठेपणा नसता झाला. नुसती भरती झाली असती."

नंदिनी तिसऱ्या रांगेत होती. ती ताठ बसून त्यांच्याकडे पाहत राहिली.

मास्तर उमरेडला राहायला गेले आणि दोन वर्षांत वारले. तेराव्याला आम्ही दोघी गेलो होतो. परतताना बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते बोलून टाकलं. म्हटलं, "नंदिनी, त्या दुपारी मीही तिथंच होते गं. तू पास झालीस हे मला दिसत होतं. मी काहीच बोलले नाही."

तिनं खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता.

"माहीत आहे, ताई. मास्तर कागद वाचत होते, तेव्हा मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती."